आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत: कान ऐकतो कसा आणि ऐकणे कमी का होते

साठी उलटलेली व्यक्ती श्रवणतज्ज्ञाकडे जाते, तेव्हा तिची तक्रार बहुतेकदा ‘मला ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ असे ती सांगते. सोबत आलेल्या मुलाची किंवा सुनेची तक्रार आणखी निराळी असते. हळू बोलले तर यांना ऐकू जात नाही, आणि जरा आवाज चढवला की ‘ओरडता कशाला, मी काही बहिरा नाही’ म्हणून रागावतात. पुष्कळ घरांत याचा अर्थ हेकटपणा असा लावला जातो, ‘सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते’ असा शेराही मारला जातो, आणि ते माणूस हळूहळू चारचौघांतल्या बोलण्यातून अंग काढून घेऊ लागते. प्रत्यक्षात या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि त्यांचे कारण स्वभावात नसून कानाच्या अगदी आतल्या भागात असते. सगळे आवाज सारख्याच प्रमाणात लहान होणे म्हणजे श्रवणदोष, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. कान बिघडतो तेव्हा नेमके काय हरवते हे समजून घ्यायचे, तर धडधाकट कान काय काय करतो ते आधी पाहायला हवे.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात भराभर होणारे बारीक चढउतार. एका सेकंदात असे चढउतार किती वेळा होतात त्याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या टप्प्यातले आवाज ऐकू येतात. आवाजाचा जोर डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मापाविषयी फार गैरसमज आहेत, कारण ते साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट होते, २० वाढले की १०० पट आणि ३० वाढले की १,००० पट. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे धरले आणि यंत्रमागाच्या खोलीतला खडखडाट ९० डेसिबलचा धरला, तर त्यांतला फरक दीडपटीचा नाही, हजारपटीचा आहे. ऐकू येऊ शकणारा सर्वांत मंद आवाज वातावरणाच्या दाबात जो बदल घडवतो, तो त्या दाबाच्या सुमारे ५०० कोटींव्या भागाइतका असतो, आणि त्या वेळी कानाचा पडदा हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. हाच कान १२० डेसिबलचा, म्हणजे तीव्रतेने एक लाख कोटी पट मोठा आवाजही ऐकू शकतो, मग त्याची किंमत पुढे काहीही मोजावी लागो. इतका विस्तृत पल्ला सांभाळणारा हा अवयव शेंगदाण्याएवढ्या जागेत मावतो, याचे मला आजही नवल वाटते.

पडद्यापासून खिडकीपर्यंत

बाहेरून दिसणारी कानाची पाळी आवाज गोळा करते आणि तो वरून आला की खालून, समोरून आला की मागून, हे ओळखायला मदत करते. पुढची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या लांबीमुळेच ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज तिच्यात आपोआप अधिक घुमतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण कर्णकर्कश आवाजाची इजा कानात कोठे होते याच्याशी तिचा संबंध आहे. नळीच्या टोकाला कानाचा पडदा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते.

पडद्याच्या पलीकडे हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी आहे. यांतली रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, उंची सुमारे तीन मिलिमीटर. ही हाडे कशासाठी, असा प्रश्न पडतो, कारण पडदा थेट आतल्या कानाला जोडता आला असता. अडचण अशी की आतल्या कानात द्रव भरलेला असतो. हवेतून येणारा ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्याच्या शक्तीचा हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो आणि बाकीचा परत फिरतो. विहिरीत बुडी मारली की काठावरच्यांचे बोलणे एकदम नाहीसे होते ते यामुळेच. मधला कान हा तोटा भरून काढतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटरचा, तर रिकीब ज्या अंडाकृती खिडकीवर टेकलेली असते ती सुमारे ३ चौरस मिलिमीटरची. मोठ्या क्षेत्रावर पडलेला जोर लहान क्षेत्रावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा मिळतो आणि खिडकीवरचा दाब सुमारे २० पटींहून अधिक वाढतो.

पडदा मोकळेपणाने हलायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. त्यासाठी मधल्या कानातून घशाकडे जाणारी एक नळी असते, आणि आवंढा गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, ही त्या नळीचीच करामत आहे. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीतला जंतुसंसर्ग मधल्या कानात सहज पोहोचतो. बाळाला अगदी आडवे ठेवून पाजू नये असे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

साडेतीन सेंटिमीटरांची नळी

रिकीब ज्या भागाला धक्का देते त्याला कॉक्लिया किंवा कर्णावर्त म्हणतात. शंखासारखे अडीच-पावणेतीन वेटोळे घेतलेली ही नळी उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीभर बॅसिलर पटल नावाचा एक लवचीक पट्टा ताणलेला असतो, आणि ऐकण्याचे सगळे मर्म या पट्ट्याच्या घडणीत आहे. खिडकीजवळच्या टोकाला तो अरुंद आणि ताठ असतो, शेवटच्या टोकाला रुंद आणि सैल होत जातो. त्यामुळे उच्च वारंवारतेचा आवाज खिडकीजवळच पट्टा हलवतो, तर खर्जातला आवाज पार टोकापर्यंत जाऊन तेथे सर्वांत जास्त हालचाल करतो. कोणत्या जागेवर हालचाल झाली त्यावरून मेंदूला सूर कळतो. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज फॉन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कानांवर अतिशय नाजूक प्रयोग करून द्रवात उठणारी ही सरकती लाट डोळ्यांनी पाहिली आणि त्यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅसिलर पटलावर केशपेशींच्या रांगा आहेत. नाव केशपेशी असले तरी त्यांच्या माथ्यावर असतात ते खरे केस नव्हेत. उंचीच्या क्रमाने लागून उभे असलेले ते सूक्ष्म तंतू आहेत. प्रत्येक आखूड तंतूचे टोक शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म दोऱ्याने जोडलेले असते, आणि हा दोरा १९८४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम नीट ओळखला गेला. पटल वर उचलले गेले की तंतू एका बाजूला कलतात, दोरा ताणला जातो आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे दार खेचून उघडले जाते. या सगळ्याला सेकंदाचे काही दशलक्षांश भाग पुरतात. दार उघडताच बाहेरच्या द्रवातले पोटॅशियमचे भारित कण आत घुसतात, पेशीतला विद्युतदाब बदलतो आणि पेशीच्या बुडाशी असलेल्या मज्जातंतूकडे रासायनिक संदेश जातो. कण इतक्या जोराने आत घुसतात, कारण केशपेशींच्या वरचा द्रव पोटॅशियमने भरलेला आणि सुमारे ८० मिलिव्होल्ट धन विद्युतदाबावर राखलेला असतो. तो तसा राखण्याचे काम कर्णावर्ताच्या भिंतीवरची रक्तवाहिन्यांनी दाट भरलेली एक पट्टी अहोरात्र करत असते. कानात कोणताही आवाज येत नसला तरी तिचे काम थांबत नाही.

केशपेशी दोन प्रकारच्या असतात, आणि माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आतल्या रांगेतल्या पेशी एका कानात सुमारे ३,५०० असतात आणि मेंदूकडे जाणारी जवळजवळ सगळी माहिती त्याच पाठवतात. बाहेरच्या तीन रांगांतल्या पेशी सुमारे १२,००० असून त्यांच्याकडून मेंदूकडे फारच थोडी माहिती जाते. मग त्या इतक्या संख्येने तेथे काय करतात? बेकेशींना दिसलेली लाट पसरट होती. जिवंत माणूस दोन जवळजवळचे सूर जितके सहज वेगळे ओळखतो, तितके अशा पसरट लाटेवरून ओळखता यायला नको होते. कानात काहीतरी जिवंत, शक्ती पुरवणारी यंत्रणा असली पाहिजे असे टॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच सुचवले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तीस वर्षांनी, १९७८ साली, डेव्हिड केंप यांनी लंडनमध्ये कानाच्या नळीत संवेदनशील मायक्रोफोन ठेवला आणि निरोगी कान स्वतःच मंद आवाज बाहेर टाकतो हे दाखवून दिले. त्यानंतर काही वर्षांत बाहेरच्या केशपेशी विद्युतदाब बदलताच आखूड आणि लांब होतात, अक्षरशः नाचतात, हे उघड झाले. झोपाळा नेमक्या क्षणी हलकेच ढकलला की झोका वाढत जातो, तशा या पेशी पटलाच्या हालचालीला तिच्याच तालात धक्का देतात. त्यामुळे मंद आवाजाची हालचाल शेकडो पटींनी वाढते, आणि तीही नेमक्या त्याच जागेवर, त्यामुळे सूर रेखीव होतो. मोठ्या आवाजाला ही मदत लागत नाही आणि मिळतही नाही.

बहुतेक प्रौढांच्या श्रवणदोषात प्रथम बळी पडतात त्या याच बाहेरच्या पेशी. त्या गेल्या की मंद आवाज वाढवून मिळत नाही, म्हणून हळू बोललेले मुळीच पोहोचत नाही. आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की तो कोणाच्याही मदतीशिवाय आतल्या पेशींना हलवतो आणि निरोगी माणसाला वाटतो तितकाच मोठा वाटतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडू नका’ यांच्यामधली जागा अशी अगदी अरुंद होऊन जाते. त्यातच सूर रेखीव करण्याची शक्ती गेल्यामुळे जवळजवळचे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि चार माणसांच्या गलक्यातून एकाचे बोलणे वेगळे काढता येत नाही.

शब्द का कळत नाहीत, याचे उत्तरही याच पट्ट्यावर सापडते. बोलण्यातल्या स्वरांची बरीचशी शक्ती खालच्या वारंवारतेत असते, आणि त्यामुळे आवाज ‘येतो’. शब्दाला शब्द करणारी व्यंजने, विशेषतः स, श, फ, थ, ठ, ख यांतला श्वासाचा बारीक आवाज, २,००० हर्ट्झच्या वर आणि पुष्कळदा ४,००० हर्ट्झच्याही वर असतो. खिडकीजवळच्या पेशी आधी जातात, म्हणजे नेमका हाच भाग आधी पुसला जातो. बाजारात भाव विचारला आणि समोरच्याने ‘साठ’ म्हटले, तर असा कान ‘सात’, ‘साठ’ आणि ‘साथ’ यांत भेद करू शकत नाही, कारण तिन्हींतला आकार सारखाच ठणठणीत ऐकू येतो आणि त्याच्या आगेमागचे सगळे धूसर असते. मग मेंदू संदर्भावरून अंदाज बांधतो. दिवसभर असे अंदाज बांधणे किती थकवणारे असते, याची कल्पना ऐकू येणाऱ्यांना सहसा नसते.

वाट अडते तेव्हा

श्रवणदोषांचे दोन मोठे गट पडतात: आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचतच नाही तो एक, आणि पोहोचलेल्या आवाजाचा संदेश बनत नाही तो दुसरा. पहिल्या गटातले बरेच दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात, म्हणून त्यांची तपासणी टाळणे हे मोठे नुकसान आहे. नळीत घट्ट बसलेला मळ हे सर्वांत साधे कारण, आणि कापूस लावलेल्या काड्यांनी तो बाहेर येण्याऐवजी अधिक आत ढकलला जातो. मुलांत सर्दीनंतर मधल्या कानात चिकट द्रव साचून राहतो. मूल हाकेला ओ देत नाही, टीव्हीजवळ जाऊन बसते, शाळेत मागे पडते आणि घरचे त्याला लक्ष नसल्याबद्दल रागे भरतात. वारंवार संसर्ग होऊन पडद्याला भोक पडते आणि कान वाहू लागतो. आपल्याकडे ‘कान फुटणे’ ही लहानपणी होणारच अशी बाब मानून वर्षानुवर्षे सोडून दिली जाते, हे मला फार खटकते, कारण पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी सर्रास होते आणि दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असण्याची शक्यता असते. भोक असलेल्या कानात गरम तेल ओतणे म्हणजे संसर्गाला आत वाट करून देणे होय. क्वचित रिकीब हे हाडच खिडकीत घट्ट होऊन बसते. अशा वेळी ते काढून कृत्रिम दांडी बसवतात.

दोष कोणत्या गटातला आहे, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ नादकाट्याने काही मिनिटांत ताडू शकतात. कंप पावणारा काटा आधी कानासमोर धरतात आणि मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवतात. हाडावर टेकवल्यावर अधिक मोठे ऐकू आले तर वाट मध्येच कोठेतरी अडलेली आहे, कारण कवटीतून गेलेला कंप पडदा आणि हाडे यांना वळसा घालून थेट कर्णावर्तात पोहोचतो.

पेशी मरतात तेव्हा

दुसऱ्या गटात नुकसान केशपेशींचे, त्यांना विद्युतदाब पुरवणाऱ्या पट्टीचे किंवा मज्जातंतूंचे असते. डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १० कोटींहून अधिक असतात. कानात केशपेशी सगळ्या मिळून १५-१६ हजार. त्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि माणसात त्यानंतर नव्या तयार होत नाहीत. वयाबरोबर त्यांची संख्या घटते, पट्टीचा रक्तपुरवठा क्षीण होतो, मज्जातंतूंचे धागे विरळ होतात. वयाचा हा परिणाम दोन्ही कानांत सारखाच आणि वरच्या सुरांपासून सुरू होतो.

वयाचे काही करता येत नाही. गोंगाटाचे करता येते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. फार मोठ्या आवाजाने केशपेशींचे तंतू वाकतात, दोरे तुटतात, पेशीत विषारी रासायनिक कण साचतात आणि ती काही तासांत किंवा दिवसांत मरते. बाकीचे नुकसान इतके उघड नसते. मिरवणुकीतून किंवा वरातीतून घरी आल्यावर कानात गूं आवाज येतो, सगळे दबलेले ऐकू येते, आणि एक-दोन दिवसांत ते पूर्ववत होते. ‘झाले बरे’ असे आपण समजतो. बोस्टनमधील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यानंतरही आतल्या केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड मोठ्या प्रमाणात कायमचे नष्ट झालेले होते. शांत खोलीतल्या चाचणीत असे नुकसान लपून राहते.

सुरक्षिततेचा हिशेब डेसिबल आणि वेळ या दोन्हींचा मिळून करावा लागतो. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास ही कमाल मर्यादा धरली जाते, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला तीव्रता दुप्पट होत असल्याने वेळ निम्मी करावी लागते: ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे मोजत आले आहेत आणि त्यांच्या नोंदींत १०० डेसिबलच्या आसपासचे आणि त्यावरचे आकडे अनेकदा आले आहेत. ताशाच्या जवळ तासन् तास उभे राहून वाजवणाऱ्या मुलामुलींच्या कानांची मला खरोखर काळजी वाटते. कानात बोळे किंवा कानांवर आवाज रोखणारी आवरणे त्यांनी लावावीत यात उत्सवाचा कोणताही अनादर नाही. देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवलेली आहे, तर कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलपर्यंत सूट आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथल्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेली माणसे खुणांनी आणि ओठ वाचून बोलायला शिकतात. ती त्या धंद्याची पद्धत मानली जाते. खरे तर ती एक इजा आहे. अशा कानांच्या श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खोल खड्डा दिसतो, कारण कानाची नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज वाढवते आणि सर्वाधिक मार त्याच्या जरा वरच्या सुरांच्या जागेला बसतो.

हेडफोनबद्दल तोच हिशेब लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात १०० कोटींहून अधिक तरुण-तरुणींना असुरक्षित पद्धतीने ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे.

काही औषधेही केशपेशी मारतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही इंजेक्शने केशपेशीच्या माथ्यावरच्या त्याच दारातून आत शिरतात आणि आत साचून राहतात. मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील, एक विशिष्ट जनुकीय बदल ज्यांच्यात असतो, त्यांना थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते, आणि हा बदल आईकडून मुलांकडे जातो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी ही इंजेक्शने महिनोन् महिने द्यावी लागत. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वगळण्याची शिफारस केली आणि तोंडाने घ्यायच्या औषधांकडे वळण घेतले गेले. कर्करोगावरचे सिस्प्लाटिनही असेच अपाय करते. जीव वाचवणारे औषध स्वतःहून बंद करू नये. कानात आवाज येऊ लागला किंवा ऐकणे कमी वाटले तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे.

एका प्रसंगात मात्र तातडी हवी. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला आणि तो मळ किंवा सर्दी नसेल, तर ते आतल्या कानाचे आकस्मिक बहिरेपण असू शकते. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परतण्याची शक्यता वाढते. थेंब टाकून आठवडाभर वाट पाहण्यात ती संधी निघून जाते.

यंत्र आणि त्यापुढे

श्रवणयंत्र पेशी परत आणत नाही. बाहेरच्या केशपेशी करत होत्या ते काम, म्हणजे मंद आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढवण्याचे, ते शक्य तितके करते. त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून प्रत्येक वारंवारतेला किती वाढ हवी ते त्या व्यक्तीपुरते बसवावे लागते. दुकानातून आणलेले, सगळेच सरसकट वाढवणारे मशीन त्रासच देते. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला नव्याने सवयीचे व्हायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात पुष्कळ यंत्रे कपाटात जातात. बोलणाऱ्यानेही ओरडू नये. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे आणि टीव्ही बंद करावा.

जन्मतः येणाऱ्या श्रवणदोषाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे भाषा शिकण्याचा काळच पणाला लागलेला असतो. जगभरात दर हजार जन्मांमागे एक ते दोन बाळांना कायमचा लक्षणीय दोष असतो. गरोदरपणातील रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, फार लवकर झालेला जन्म, तीव्र कावीळ ही काही कारणे. बाकी पुष्कळशी जनुकीय. कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाचे जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आले तर कानातले पोटॅशियमचे चक्र बिघडते, आणि नात्यात लग्ने होतात तेथे असे दोन सदोष जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रातल्या काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला परका नाही. केंप यांनी शोधलेला कानाचा तो मंद आवाज आता नवजात बाळाच्या तपासणीत वापरतात: झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे टोक ठेवले की काही मिनिटांत बाहेरच्या केशपेशी जिवंत आहेत की नाही ते कळते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अलियावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते.

केशपेशी जवळजवळ नसतील तेथे कॉक्लियर इम्प्लांटने थेट मज्जातंतूंना विद्युत संदेश दिला जातो. पॅरिसमध्ये १९५७ साली पहिला प्रयत्न झाला आणि मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युताग्रांचे उपकरण रुग्णाला बसवले. १५ हजार पेशींचे काम फार तर दोन डझन विद्युताग्रे करतात, आणि तरीही लहान वयात ते बसवलेली मुले बोलायला शिकतात. हे श्रेय यंत्राइतकेच मेंदूचेही आहे.

२०२४च्या जानेवारीत शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी ओटोफर्लिन या प्रथिनाचे जनुक बिघडलेल्या सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची चांगली प्रत सोडल्याचे जाहीर केले. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, फक्त मज्जातंतूला संदेश देण्याचे त्यांचे साधन बंद होते, म्हणून हा उपाय लागू पडला. मेलेल्या पेशी उगवण्याचा उपाय अजून माणसाच्या हाती नाही. कोंबडीच्या पिलांत मात्र गोंगाटाने मेलेल्या केशपेशींच्या जागी काही दिवसांत नव्या येतात, हे १९८०च्या दशकात लक्षात आले. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या पेशींशेजारच्या आधार देणाऱ्या पेशी विभागून ही उणीव भरून काढतात. सस्तन प्राण्यांत त्याच जागी त्याच प्रकारच्या पेशी असूनही त्या स्वस्थ राहतात, आणि त्यांना जागे कसे करायचे यावर प्रयोगशाळांतून काम चालू आहे.